विरोध नोंदवून घ्या

हल्ली उलट मत बाळगणं फार स्वस्त झालंय. चार माणसं जमली की त्यातला एक जण घसा खाकरतो आणि "मी जरा वेगळं बोलणार आहे" म्हणून सुरुवात करतो. पुढे जे येतं ते बहुधा ठरलेलं असतं. मुलं मोबाईलने नाही, आईबापांमुळे बिघडली. अमुक कायद्याचा गैरवापरच जास्त होतो. पूर्वीचंच बरं होतं. त्यात तथ्य नसतंच असं नाही. पण बोलणाऱ्याकडे पाहिलं की लक्षात येतं, याला कोणाला पटवायचं नाहीये, उठून दिसायचंय. त्या मतापायी त्याचं काही गेलेलं नसतं आणि उद्या ते सोडून दिलं तरी काही जाणार नसतं.

मग खरोखरीचं विरोधी मत ओळखायचं कसं? काळच ठरवील, हे यावरचं नेहमीचं उत्तर. मला ते पुरत नाही. काळाने ज्यांना बरोबर ठरवलं ते विरोधक आपण लक्षात ठेवतो, जे चुकले त्यांना विसरून जातो. म्हणून मागे वळून पाहताना एकटा पडलेला प्रत्येक माणूस द्रष्टा वाटायला लागतो. शिवाय काळाचा निकाल हाती येईपर्यंत आपण थांबू शकत नाही. हात वर करायचा की नाही हे आजच ठरवायचं असतं. म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. या मतामुळे बहुमताला आपलं म्हणणं शेवटपर्यंत बोलून दाखवावं लागलं का?

आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा नऊ उच्च न्यायालयांनी त्यांच्या बाजूने कौल दिलेला होता. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक आकसातून माणसाला ठार मारलं तर? तरीही दाद नाही? आपला युक्तिवाद शेवटाला न्यायचा तर आणीबाणी आहे तोवर नाही, असं डे यांना कबूल करावं लागलं. माझ्या मते खन्नांचं काम तिथेच अर्धं झालं होतं. 'राष्ट्राची सुरक्षितता' या भारदस्त शब्दांच्या आड नेमकं काय मागितलं जातंय, ते भर न्यायालयात उघडं पडलं. तरीही 28 एप्रिल 1976 रोजी निकाल चार विरुद्ध एक असा लागला. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे पडलेल्या खन्नांना डावलून जानेवारी 1977 मध्ये त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

2017 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्या वेळी 1976 चा बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवणारे शब्द यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. ही गोष्ट आपण चवीने सांगतो, कारण तिचा शेवट गोड आहे. पण पुढच्याच वर्षी 'आधार'च्या खटल्यात चार विरुद्ध एक अशी विभागणी झाली आणि त्यातले एकटे होते धनंजय चंद्रचूडच. आधारचा कायदा धन विधेयक म्हणून मंजूर करून राज्यसभेला बाजूला सारणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं त्यांनी लिहिलं. ते मत काही कायदा झालं नाही. मात्र धन विधेयक नेमकं कशाला म्हणायचं हा प्रश्न 2019 मध्ये दुसऱ्या एका खटल्याच्या निमित्ताने मोठ्या पीठाकडे सोपवावा लागला. उद्या तो निकाल कोणत्याही बाजूने लागो. प्रश्न पुसला गेला नाही, एवढं काम त्या भिन्न मताने केलं.

आता याच कसोटीला गोत्यात आणणारं उदाहरण घेतो. 1890 साली कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे दगावली आणि पुढच्या वर्षी सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा केला. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरावं का, हा त्यांचा प्रश्न काही पोकळ नव्हता. सरकारला त्याचं उत्तर सोपं नव्हतं. माझ्या कसोटीवर टिळक उतरतात. तरीही काहीतरी सलतं. राज्य करण्याचा अधिकार कोणाचा, याची झुंज एका मुलीच्या देहावर चालली होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. पुण्यातच आगरकर 'सुधारका'तून कायद्याची बाजू घेत होते. समाजाच्या विरोधात लिहिल्याबद्दल याच पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. दोघेही प्रवाहाविरुद्ध उभे होते, एक राज्यकर्त्यांच्या, दुसरे शेजाऱ्यांच्या. मग कसोटीला दुसरं कलम जोडावं लागतं: तुमच्या विरोधाची किंमत कोण मोजणार? तुम्ही, की जिचा आवाज सभेपर्यंत पोचतच नाही ती?

या दुसऱ्या कलमावर रघुनाथ धोंडो कर्वे लखलखीत उतरतात. संततिनियमनाचा प्रचार करायचा म्हणून गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांनी सोडली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि पत्नी मालतीबाईंनी हा संसार पेलला. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले. मूल कधी आणि किती, हे बाईने ठरवावं, हे कर्व्यांच्या म्हणण्याचं मर्म. त्या मताची किंमत कर्वे दांपत्याने स्वतःच्या खिशातून आणि अब्रूतून मोजली.

कर्वे गेले त्याच्या आदल्या वर्षी, 1952 मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. मत जिंकलं. इथेच गोष्ट संपवायचा मोह होतो, पण ती पुढे 1976 पर्यंत जाते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. देशात मात्र 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या कितीतरी धाकाने, रेशन आणि पगार अडवून. कर्व्यांचं साधन सरकारने उचललं आणि ज्या मर्जीसाठी ते साधन होतं ती टाकून दिली. खन्ना एकटे पडले तेही हेच साल. विजयी झालेल्या मतालाही अडवून विचारणारा कोणीतरी लागतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

एवढं मोठं काही आपल्या वाट्याला येत नाही. आपल्या वाट्याला सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा येते. आमच्याकडे फाटकावर ॲप बसवायचा ठराव होता. येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोटो, कामवाल्या बायकांची नोंद, शिवाय त्यांना तारे देण्याची सोय. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, मागे समोसे आले होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका उभे राहिले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, सुरक्षेसाठीच आहे हो. तुम्हाला काय लपवायचंय?"

"मला काही नाही लपवायचं. पण माझ्याकडे येणाऱ्या मावशी उद्या काम सोडून गेल्या, तर त्यांचा फोटो पुसायला कोणाला सांगायचं? आणि त्यांना आपण तारे देणार, तर आपल्याला कोण देणार?"

हशा पिकला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. काका खाली बसले नाहीत. "माझा विरोध नावानिशी इतिवृत्तात घ्या, प्रश्नासकट," म्हणाले. सेक्रेटरींनी नाराजीनेच लिहून घेतलं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना तो प्रश्न सगळ्यांसमोर पुन्हा वाचला गेला आणि तेव्हा कुठे ॲपवाल्यांना लेखी विचारायचं ठरलं.

काकांचं सगळं मला पटत नाही. फाटकावर नोंद हवी असं मलाही वाटतं. पण त्या सभेत आपल्या सोयीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी पडतेय, हे ठरावात कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि ते लिहायला लावणारा माणूस एकच होता. म्हणून 'मी जरा वेगळं बोलतो' म्हणणाऱ्याला मी आता दोनच गोष्टी विचारतो: तुमचा प्रश्न काय, आणि तो नावानिशी लिहून द्याल का? बहुतेक जण पहिल्यालाच अडखळतात. जो दुसऱ्यालाही हो म्हणतो, त्याच्या बाजूने मत द्यायलाच हवं असं नाही. उत्तर मात्र द्यायलाच हवं.