मोबाईलची काच कशी पुसावी? – एक छोटा पण कामाचा धडा



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आईबाबांचा मोबाईल मुलांची पाटी झाला. शाळा पुन्हा भरल्या, तरी ही पाटी काही हातातून सुटली नाही. आमच्या नागपुरात माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी मोबाईल एकच. बाबा त्यावर कामाचे फोन घेतात, आई स्वयंपाक करता करता व्हिडिओ बघते, आणि मुलं संत्रं सोललेल्या हातानेच अभ्यास उघडतात. बोटं सगळ्यांची, काच एक! म्हणून ती स्वच्छ हवीच. पण तो मोबाईल बिघडला तर घरातलं काम आणि अभ्यास दोन्ही अडतात, म्हणून ती जपून पुसायला हवी.

नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ किती उडते, हे आपण जाणतोच. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. पदराने किंवा शर्टाच्या टोकाने जोरात घासलं की ओरखडे पडतात.

दुसरी गोष्ट. बऱ्याच मोबाईलच्या काचेवर तेलकटपणा चिकटू न देणारा अतिशय पातळ थर असतो. काच पुसायचं निळं लिक्विड, ब्लीच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी तो झिजतो. मग ठसे जास्तच उमटतात आणि आपण आणखी घासत बसतो.

मग करायचं काय?

१. चार्जर काढा, मोबाईल किंवा टॅब बंद करा, कव्हर काढा.
२. चष्म्यासोबत मिळतं तसं मऊ मायक्रोफायबर कापड घ्या. आधी धूळ हलक्या हाताने झटका.
३. डाग राहिला तर कापडाचं टोक पाण्याने किंचित ओलं करा. पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर कधीच नाही.
४. कोरड्या टोकाने पुसून मगच सुरू करा.

एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, सॅनिटायझरनं पुसलं तर चालते का?" छान प्रश्न! सॅनिटायझर हातांसाठी असतं. त्यात बहुतेकदा ग्लिसरीन आणि सुगंध असतो, त्याचा चिकटा काचेवर राहतो. घरात कोणी आजारी असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप्स हलक्या हाताने वापरता येतात. ॲपलनेही २०२० मध्ये आपल्या उपकरणांसाठी ते चालतील असं सांगितलं. तरी आपल्या कंपनीची सूचना आधी वाचा.

आणि पालकहो, काच तडकली असेल तर पुसत बसू नका. ओल आत जाते आणि लहान बोटात काचेचा कण रुततो. ती बदलेपर्यंत मोबाईल मुलांच्या हाती देऊ नका.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक उपक्रम करून बघा. बंद टॅब खिडकीच्या उजेडात तिरपा धरा आणि मुलांना ठसे मोजू द्या. मग त्यांच्याकडूनच तो पुसून घ्या. सोमवारी विचारा, घरी कोणी कोणी मोबाईल पुसला, आणि कशाने?