पाद्रीबाबांचा नातू आणि पनवेलचा डोंगर

शुक्रवारी संध्याकाळी बॉस म्हणाला, 'मंडेला प्रेझेंटेशन!' आणि शनिवारी पहाटे मी लॅपटॉप घरी ठेवून थेट पनवेलचा एसटी स्टॅण्ड गाठला. नेरे, गाढेश्वर, धोदाणी... आणि समोर माथेरानची उभी भिंत. नेरळहून माथेरान सगळेच करतात. पनवेलच्या बाजूने एकदा चढून बघा, घाम निघतो राव!

डोक्यात घोळत होता ह्यू मॅलेट. १८५० मधला ठाण्याचा कलेक्टर. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या मे महिन्यात साहेबांचा तंबू डोंगराच्या दक्षिणेला, चौकला पडला होता. साहेब वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले, रामबागेकडून उतरले आणि माथेरानचा 'शोध' लागला!

या मॅलेटांचं खानदान भारी आहे. ह्यूचे आजोबा रेव्हरंड अलेक्झांडर मॅलेट हे सॉमरसेटमधल्या कूम फ्लोरीचे पाद्री. घराणं जुन्या जमीनदारांचं. पण मुलगा चार्ल्स कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १७८६ मध्ये रेसिडेंट म्हणून पुण्यात, सवाई माधवरावांच्या दरबारात आला. त्या काळी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेल बंदर आणि मग बोरघाट, हाच नेहमीचा रस्ता. म्हणजे एक्स्प्रेसवेच्या आधीही पनवेल टाळता येत नव्हतंच!

चार्ल्सने जेम्स वेल्स या चित्रकाराला पुण्यात बोलावलं. पुढे इंग्लंडला परतल्यावर १७९९ मध्ये त्याच्याच मुलीशी, सुसानाशी लग्न केलं. आठ मुलगे झाले. थोरला अलेक्झांडर राजनैतिक सेवेत गेला. विल्यम आजोबांसारखाच पाद्री झाला. जॉर्ज १८५६ मध्ये बुशहरच्या लढाईत पडला. आर्थर आणि ह्यू मुंबई इलाख्यात सनदी नोकरीला आले. आर्थरने तर १८८५ मध्ये घराण्याचा इतिहासच छापला.

पण पुण्यात चार्ल्सबरोबर आणखी एक बाई होती, अंबर कौर. तिलाही त्याच्यापासून मुलं झाली. वेल्सने तिचं चित्र काढलं, म्हणून निदान नाव तरी आपल्यापर्यंत पोचलं. सुसानाच्या मुलाच्या नावाचा झरा माथेरानात आहे, मॅलेट स्प्रिंग. अंबर कौरच्या नावाचं इथे काहीच नाही.

अर्ध्या चढावर धापा टाकत बसलो होतो. मागून डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक ठाकर मावशी आली. वर विकायला निघाली होती. पायात साधी स्लिपर. माझ्या ब्रँडेड ट्रेकिंग शूजकडे बघून हसली. मी ज्ञान पाजळलं, "मावशी, मॅलेट नावाच्या साहेबाने या डोंगराचा शोध लावला, माहितीये?"

"शोध?" मावशी थांबलीसुद्धा नाही. "हरवला व्हता का काय डोंगर?"

पुढचा सगळा चढ मी गप्प. तिच्या मागून चालत राहिलो, कारण वाट तिलाच माहीत होती. सनसेट पॉइंटला पोचलो तेव्हा ती बाजाराकडे वळली होती. आणि तिचं नाव विचारायचं माझ्याकडूनही राहूनच गेलं.

कसं जाल : पनवेलहून नेरेमार्गे धोदाणी. चढायला अडीच-तीन तास. पाणी भरपूर घ्या. पावसाळ्यात वाट निसरडी असते, गावातला माणूस सोबत घ्या. आणि हो, त्याचं नाव विचारा!