गाव नसलेल्या गाड्या

हिंगोली

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तुझ्याकडे आलो तेव्हा तू कपाट उघडून गाड्या दाखवल्यास. इंजिनं आणि डबे मिळून एकसष्ट. शेवटी खालच्या कप्प्यातलं जर्मन इंजिन हौसेनं काढून रुळावर ठेवलंस. ते नुसतं गुणगुणलं, जागचं हललं नाही. इतकी वर्षं खोक्यात पडून गिअरमधलं ग्रीस थिजलं होतं. तुझा चेहराच उतरला. निघताना विचारलंस, "मामा, जास्त झाल्या का रे?" तेव्हा बोललो नाही, आज लिहितो.

झाल्या. पण एकसष्ट झाल्या म्हणून नव्हे. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आपण पाहिलं होतं. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी उघडलं. तू तेव्हा चौथीत, कठड्याला लोंबकळून पाहत होतास. तिथं गाड्यांना तोटा नाही, पण दिवे मंद करून रात्र केली की डब्यांच्या खिडक्या उजळतात, एकीला सिग्नल मिळतो, दुसरी थांबून वाट देते. प्रत्येक गाडी कुठून तरी येते, कुठं तरी जाते. तुझ्या गाड्यांना गावच नाही, बाळ.

त्यांना आपलं गाव दे. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि हिंगोलीची मीटरगेज गेली. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून जायची. अकोल्यापुढे धूळघाटाच्या डोंगरात तो रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायचा. ते वळण तुला करायला मिळालं, तर एक वर्ष कसं गेलं ते कळणार नाही.

आता मापाचं. तू घेतोस ते १६.५ मिलिमीटर अंतराचे रूळ परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे. आपली मीटरगेज १:८७ प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर भरते. स्वित्झर्लंडच्या डोंगरी गाड्यांसाठी १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, ते चालतील. मीटरगेजचं वाफेचं वायपी इंजिन मात्र तुला हातानं घडवावं लागेल. घडव. विकत आणलेल्या दहांपेक्षा ते एक तुझ्या जास्त ओळखीचं होईल.

आणि वर्षभरात जी रुळावर आली नाही, ती गाडी एखाद्या पोराला देऊन टाक. त्या जर्मन इंजिनाचं ग्रीस मात्र आधी काढ; बिघडलेलं कुणाच्या हाती देऊ नये.

स्टेशन करशील तेव्हा फलाटाच्या टोकाला कडुलिंब लाव, पारासकट. तुझी आजी माहेरी जाताना तिथंच गाठोडं मांडीवर घेऊन बसायची आणि सिग्नल पडला की मला म्हणायची, "ऊठ, आली."

तुझा,
मामा