नानीचे बाबा कुठल्या पानावर?

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या ग्लासगोला असते. मे महिन्यात ती फिरायला गेली होती, तिथून तिने मला एक फोटो पाठवला. "टीचर, हे बघा." स्पीन ब्रिज गावाजवळचं कमांडोंचं स्मारक. दगडी चौथऱ्यावर ब्राँझचे तीन सैनिक उभे आहेत, डोक्यावर लोकरी टोप्या. आजूबाजूला एक घर नाही, नुसता उघडा माळ, आणि समोर बेन नेव्हिस, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. तिघांची नजर तिकडेच. शिल्पकार स्कॉट सदरलँड, अनावरण 1952 चं. दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना तयार करायचे ते याच डोंगरदऱ्यांत, जवळच्या अक्नाकॅरीला. म्हणून हा पुतळा शहरातल्या चौकात उभा केला असता तर अर्धाच राहिला असता. तिथे डोंगरही स्मारकाचाच भाग आहे.

मी तो फोटो साकीनाका मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर उभी राहून पाहिला. खाली रिक्षांचा गोंगाट, वर विमान. आणि मला एकदम नानीचे बाबा आठवले.

नानी रत्नागिरीकडची. तिचे वडील जहाजावर खलाशी होते. आमच्या कोकणी मुसलमानांत तेव्हा हे घरोघरी होतं. कुणी खलाशी, कुणी तांडेल, नशीब असेल तर सारंग. नानी सात वर्षांची होती, 1942 साल. कंपनीकडून दर महिन्याला येणारे पैसे एका महिन्यात आले नाहीत, पुढच्याही महिन्यात नाहीत. कागद आला तो खूप नंतर, इंग्रजीत, आणि वाचायला गावात कुणी नव्हतं. नानीच्या आईने तो कुराणशरीफच्या जुजदानात ठेवून दिला. मय्यत नाही तर मौत कशी मानायची, असं तिचं म्हणणं. आम्ही शाफई, आमच्यात गायबाना नमाज-ए-जनाजा पढता येते. जमातीचे लोक विचारायला आले. तिने नकार दिला. इद्दतीलाही बसली नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या शेवटपर्यंत तशाच होत्या.

तर पुढच्या रविवारी मी घाटकोपरहून लोकल पकडली आणि मस्जिद बंदरला उतरले. स्टेशनच्या जवळच, गोदीच्या बाजूला, इंडियन सेलर्स होम आहे. शिकवायला लागून वीस वर्षं झाली, मोहम्मद अली रोडला शेकडो वेळा गेले असेन, पण तिथे काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्यांचं. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी तर भिंतही नाही, नावांची किताब आहे. नौदलाचे आणि व्यापारी जहाजांवरचे मिळून सहा हजारांच्या वर लोक. तशीच दुसरी प्रत चितगावला.

पुतळा नाही. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्या घरांत पुतळ्यांची सवय नाही, नाव मात्र आपण जपतो. कलकत्त्यात हुगळीच्या काठावर बंगाल-आसामच्या 896 लष्करांचा उंच स्तंभ आहे, 1924 चा, चारी बाजूंना जुन्या नावेची नाळ कोरलेली. (लष्कर म्हणजे फौज नव्हे, जहाजावरचे खलाशी. इंग्रज त्यांना लॅस्कर म्हणत.) तोही पुतळा नाही, पण त्याच्यासमोर निदान नदी आहे.

मला सलली ती जागा. गोदी इतकी जवळ, पण समुद्र दिसत नाही. मध्ये गोदीच्या भिंती, गोदामं, ट्रक. स्पीन ब्रिजच्या सैनिकांना त्यांचा डोंगर दिला, आमच्या खलाशांना त्यांचा समुद्र कुणी दिला नाही. खोलीत उभं राहून मी हे मनात म्हटलं आणि लगेच लाजही वाटली. त्या इमारतीत आजही जहाजाची वाट पाहणारे खलाशी उतरतात. व्हरांड्यात एक जण फोनवर घरच्यांना विचारत होता, पैसे पोचले का. ही जागा त्या डोंगराइतकीच खरी नाही का?

नाव शोधलं. अब्दुल्ला. शाळेच्या हजेरीपटात मला एका वर्गात तीन अब्दुल्ला सापडतात, तिथे तर किती! बापाचं नाव नानीने सांगितलं होतं, पण इंग्रजी कारकुनाने ते कसं लिहिलं असेल? इब्राहिमचे किती प्रकार होऊ शकतात, हे उर्दू शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. दोन नावं जुळण्यासारखी वाटली. दोन्ही वहीत उतरवून घेतली आणि दोघांसाठी फातिहा पढले.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथून किब्ला कुठल्या बाजूला येतो गं?"

मी हाताने दाखवलं. रुळांच्या पलीकडे, समुद्राकडे पाठ करून.

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.