गिरणीवरचा डबा
तुमसरला काय, भंडाऱ्याला काय, दळणाचा डबा गिरणीवर ठेवून माणूस बाजार उरकतो; पट्ट्यासमोर ताटकळत नाही. असिंक्रोनस वेब क्लायंटचं तत्त्व तेच: विनंती टाकायची, उत्तर येईतो दुसरं काम. पण मधेच वीज गेली तर? वाट किती बघायची, हे लायब्ररीनंच आधी ठरवून द्यावं, असं मला वाटतं. जावास्क्रिप्टच्या फेचला मुदत वेगळ्या सिग्नलनं जोडावी लागते. शिवाय सर्व्हरनं ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, म्हटलं तरी फेच त्याला अपयश मानत नाही. (डबा रिकामाच परत, पण दळण झालं म्हणायचं!) पायथनची एचटीटीपीएक्स लायब्ररी मात्र ५ सेकंद हालचाल नसली की आपणहून थांबते. वैनगंगेकाठच्या रेंगाळत्या नेटवर्कला ५ सेकंद तोकडे पडतील, हा आक्षेप रास्तच. मग मुदत वाढवा. काढून टाकू नका.