गेलेल्या बोटाचे काम

वीणेवर गमक काढताना डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट पडद्यावर तार दाबतात आणि आडवी ओढतात. एकाच पडद्यावरून वरचे दोन-तीन स्वर या ओढीतूनच मिळतात. माझे मधले बोट अपघातात दुखावले. जखम भरली, पण बोट पुरते वाकेना. तार दाबता येई, ओढता येत नसे. आमचे तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे घर मराठी बोलणारे आणि तोडी-कांभोजी या रागांवर वाढलेले. येणारा प्रत्येक जण धीर द्यायचा : सोसून वाजवत राहा. हा सल्ला मला आजही मान्य नाही. दुखऱ्या बोटाने ओढलेली तार स्वराच्या अलीकडेच थांबते, आणि हळूहळू कानाला तोच स्वर खरा वाटू लागतो. बोटापेक्षा कान बिघडणे फार वाईट.

म्हणून मी बिनपडद्याच्या गोट्टुवाद्यम्‌कडे वळले. इथून जवळच्या तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे या वाद्याचे थोर वादक. त्यांच्याकडे ते दुखापतीमुळे नव्हे, वडिलांकडून आले होते. गायक शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर लहानपणी त्यांच्याकडे शिकले. शेम्मंगुडींचा आवाज काही जात्या गोड नव्हता. या वाद्याच्या साथीने त्यांनी तो घासला. या वाद्याला पडदेच नाहीत, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट गळ्यासारखीच ऐकू येते.

डाव्या हातात लाकडाचा, शिंगाचा किंवा हल्ली टेफ्लॉनचा गुळगुळीत दांडू धरून तो तारांवरून सरकवायचा. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा हेच काम करतो. बोटे दांडू नुसता धरतात. स्वराची जागा शोधतात मनगट, कोपर आणि खांदा. कमी दाबला तर तार खडखडते, जास्त दाबला तर स्वर चढतो.

अशी वाट आधीही काहींनी काढली आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचे सीडेल डेव्हिस यांचे हात पोलिओने अधू झाले होते. त्यांनी जेवणाच्या सुरीची मूठ गिटारच्या तारांवर फिरवून ब्लूज वाजवले. १९२८च्या आगीत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने पट्टीवर उभ्या धावणाऱ्या ताना शोधल्या. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विट्गेनश्टाइनसाठी संगीतकार राव्हेलने एकट्या डाव्या हाताचा पियानो कॉन्चेर्टो लिहिला. १९३२ मध्ये तो व्हिएन्नात वाजला. डाव्या हाताचा अंगठा पियानोच्या उंच स्वरांच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य धून त्याच्याकडे देता येते. या माणसांच्या जिद्दीचे कौतुक खूप होते. मला त्याहून मोठे वाटते ते त्यांचे हिशेबी डोके : गेलेल्या बोटाचे काम नेमके कोणते होते आणि ते आता कोणाकडे द्यायचे, हे त्यांना उमगले.

माझा हिशेब अजून पुरा जुळलेला नाही. तोडीचा गांधार आता लांबून, सलग डोलत येतो आणि तो मला वीणेवरच्यापेक्षाही आवडतो. पण द्रुत लयीतले जोडस्वर वीणेवर बोटे आळीपाळीने टाकून निघत. इथे दर वेळी अख्खा हात हलवावा लागतो आणि खांदा भरून येतो. सध्या हलका दांडू घेऊन वर्णम् पुन्हा पहिल्या काळात, संथ वाजवते आहे.