साठ की आठ

वर्गातला पंखा बंद करून शिकवा, असा सल्ला अकोल्यात फक्त बाहेरचा माणूसच देऊ शकतो. मुलांना नीट ऐकू यावं म्हणून काय करावं हे इंटरनेटवर शोधलं, की हेच हाती लागतं: खिडक्या लावा, जाड पडदे सोडा, गालिचा अंथरा. सगळे थंड देशातले उपाय. आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात, आणि तरी सगळे पंखे पाचावर फिरत असतात. अमरावतीत मी ज्या क्लासमध्ये गणित शिकवते तिथे तर कूलर आहे. एसटीच्या इंजिनाशेजारी बसून प्रमेय सिद्ध करायचं, तसं ते काम.

मला यात एवढा रस का, तर माझा डावा कान. अकोल्यात लहानपणी तो सारखा वाहायचा. वाहणं थांबलं, ऐकणं परत आलं नाही. कायद्याच्या लेखी मात्र मी धडधाकट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारी’ व्यक्ती ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची तूट लागते. मला प्रमाणपत्र नकोच होतं. डावा कान भिंतीकडे करून पुढे बसायला मिळावं, एवढंच हवं होतं. शाळेत उंचीप्रमाणे बसवायचे आणि मी उंच. म्हणून शेवटचा बाक, आणि ‘लक्ष कुठाय तुझं’ हे वाक्य दहावीपर्यंत.

लक्ष तिथंच असायचं. गंमत अशी, की आवाज ऐकू येतो आणि शब्द येत नाही. आ, ओ हे स्वर दणकट असतात, लांब जातात. स, श, फ, थ हलके, उंच पट्टीतले. कूलरची घरघर आधी त्यांनाच गिळते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती थोडा परत देतात, पण उशिरा आणि एकावर एक चढवून. म्हणून फळ्याजवळ निघालेला ‘साठ’ पाचव्या बाकावर ‘आठ’ होऊन पोचतो. इतिहासात असं ऐकलेलं निभावून नेता येतं, गणितात उत्तरच चुकतं.

इथे गाडगेबाबा आठवतात. ते आमच्याच जिल्ह्यातले. कीर्तनात ते लोकांना सारखे प्रश्न टाकायचे आणि समोरून एका सुरात उत्तर यायचं. याला लोकशिक्षण म्हणतात, ते आहेच. मला त्यात मास्तराची युक्तीही दिसते: शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला की नाही, ते तिथल्या तिथे कळतं.

दोन वर्षांपूर्वी मी सतराशे रुपयांचा बिनतारी माइक आणि छोटा स्पीकर घेतला. पहिल्या दिवशी मागून आवाज आला, “मॅडम, आज तुमी रेडिओवानी बोलून राहिल्या!” स्पीकर कमरेला लावायचा असतो. मी तो वर्गाच्या मध्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. फळ्याशी ठेवून मोठा केला तर सिमेंटच्या भिंती आणि फरशी मिळून नुसता गलका करतात. कमी आवाज, पण मुलांच्या जवळ, हे जमलं. घसा वाचला. मागचे बाक वहीत खरंच उदाहरणं सोडवायला लागले. ‘मागं बसणारी पोरं टवाळ’ या सिद्धांतावरचा माझा विश्वास आधीपासून कमी होता, आता उरला नाही.

पण एक मुलगा राहिला. आठवीतला, तिसऱ्या बाकावरचा. बाकी सगळ्यांच्या वहीत साठ, याच्या वहीत आठच. माइक नव्हता तेव्हा तो गर्दीत लपून जायचा, कारण अर्धा वर्ग चुकायचा. आता एकटाच उघडा पडला. मी तोंडासमोर वही धरून त्याच्याशी बोलले, तेव्हा तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. वही खाली घेतली की उत्तर बरोबर. तो ओठ वाचत होता, आणि मी फळ्याकडे वळले की त्याचा तास संपत होता.

वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, “मॅडम, मशीन लावली तं पोट्ट्याले सारे बहिरा म्हनतीन.” मी म्हटलं, आत्ता ‘ढ’ म्हणतात, ते चालतं का? ते गप्प बसले. मग विचारलं, “तुमच्या या माइकनं नाई भागत काय?”

नाही भागत. स्पीकर सगळ्या खोलीला थोडं थोडं देतो. याला शिक्षकाचा आवाज थेट कानात हवा. तसे माइक असतात, शिक्षकाच्या गळ्यात अडकवायचे, त्यातून आवाज रेडिओलहरींवर सरळ श्रवणयंत्रात जातो, मधला कूलर वगळून. पण त्यासाठी आधी तपासणी, मग यंत्र, आणि त्याच्याही आधी घरच्यांचं ‘हो’.

तपासणीला ते तयार झालेत. सोमवारी, सोयाबीनची सवंगणी आटोपली तर. तोवर मी फळ्यावर आधी लिहिते, मग वळून बोलते. वर्गाचा वेग थोडा मंदावलाय आणि पहिल्या बाकावरच्या दोघी कुरकुरतात.